जोसेफ स्मिथ आणि भविष्यवाणीची कसोटी

धर्मसंस्थापकाच्या संदेष्टेपणाचा विचार भक्ताच्या प्रेमाने करू नये, तसाच उपहासकाच्या हौसेनेही करू नये. ज्या शास्त्राचे प्रामाण्य त्याने स्वतः मान्य केले, त्याच शास्त्राच्या तराजूत त्याला तोलणे हाच न्याय होय. मॉर्मन संप्रदायाचा संस्थापक जोसेफ स्मिथ (१८०५–१८४४) बायबलला ईश्वरी वचन मानीत असे. तेव्हा बायबलची कसोटी त्याला परकी नाही.

ही कसोटी दिसते तितकी सोपी मात्र नव्हे. ईश्वराच्या नावाने सांगितलेले घडून आले नाही, तर ते ईश्वराचे नव्हे, असे अनुवाद या ग्रंथाचा अठरावा अध्याय सांगतो. परंतु त्याच ग्रंथाचा तेरावा अध्याय बजावतो की, चिन्ह खरे ठरले तरी सांगणारा अन्य दैवतांकडे नेत असेल, तर त्याचे ऐकू नये. म्हणजे भाकीत फळणे आवश्यक असले, तरी तेवढ्याने भागत नाही.

स्मिथचे अनुयायी २५ डिसेंबर १८३२ च्या वाणीकडे बोट दाखवितात. साउथ कॅरोलायनातील बंडापासून युद्ध सुरू होईल आणि दक्षिणेची राज्ये उत्तरेविरुद्ध उभी राहतील, असे तीत सांगितले होते. ही वाणी १८५१ मध्ये छापली गेली आणि त्याच राज्यातील सम्टर किल्ल्यावर १८६१ मध्ये तोफा डागल्या गेल्या. तेव्हा ती मागाहून रचली, हा आक्षेप टिकत नाही. पण १८३२ च्या नोव्हेंबरातच त्या राज्याने संघराज्याचा जकात कायदा झुगारला होता. यादवीची भीती तेव्हा सर्वतोमुखी होती. जे चाणाक्ष माणसालाही दिसू शकते, त्यावरून दिव्यदृष्टी सिद्ध कशी व्हावी?

त्याच वर्षाच्या सप्टेंबरातील दुसरी वाणी अधिक अडचणीची आहे. मिसूरीतील इंडिपेंडन्स येथे त्याच पिढीत मंदिर उभे राहील, असे तीत म्हटले होते. १८३३ मध्ये अनुयायांना त्या परगण्यातून हाकलण्यात आले, आणि नेमलेल्या जागी ते मंदिर आजही नाही. शत्रूंनी अडथळा केल्यामुळे ते काम आता अपेक्षित नाही, असे १८४१ च्या वाणीने सांगितले.

येथे समर्थक यिर्मयाचा अठरावा अध्याय पुढे करतात. लोकांचे वर्तन पालटले तर ईश्वर आपला संकल्पही पालटतो, असे तेथे आहे. चाळीस दिवसांत नाश पावणारी निनवे नगरी पश्चात्तापाने वाचली, ही योनाची कथाही त्याच धर्तीची. हे उत्तर पोकळ नाही, कारण अनुयायांच्या आपसातील कलहामुळेच हे संकट आले, असे स्मिथच्या १८३३ च्या वाणीतही म्हटले आहे.

तथापि त्याच यिर्मयाचा अठ्ठाविसावा अध्याय या समर्थनाची मर्यादा दाखवितो. हनन्याने बाबेलचे जू लवकरच मोडेल असे सांगितले, तेव्हा यिर्मयाने उत्तर दिले की, कल्याणाचे भाकीत करणारा संदेष्टा ते घडल्यावरच ओळखला जातो. मंदिराची वाणी अशुभाची धमकी नव्हती. ती कल्याणाचे अभिवचन होती. अपवादाने तिला असत्याच्या आरोपातून सोडविता येईल. परंतु सोडवणूक म्हणजे सिद्धी नव्हे. फळलेले भाकीत पुरावा म्हणून मांडावे आणि न फळलेले सशर्त म्हणून बाजूस सारावे, ही दुहेरी मापे होत. अशा मापांनी कोणताच संदेष्टा कधी खोटा ठरणार नाही, आणि म्हणूनच कोणी खराही ठरणार नाही.