‘चिंताविकृती’ : एका पारिभाषिक संज्ञेची चिकित्सा

मराठी माध्यमातून अपसामान्य मानसशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याची ‘चिंताविकृती’ या संज्ञेशी पदवीच्या वर्गातच गाठ पडते. ‘ॲन्झायटी डिसऑर्डर’साठी योजलेला हा पर्याय व्युत्पत्तीच्या दृष्टीने निर्दोष आहे. आयुर्वेदात प्रकृती आणि विकृती अशी जोडी येते. तेथे विकृती म्हणजे स्वाभाविक स्थितीत पडलेला फरक, त्यात निंदा नाही. परंतु शब्दाचा अर्थ कोशापेक्षा वापराने ठरतो. आजच्या वृत्तपत्रीय मराठीत ‘विकृत’ हे विशेषण बहुधा अत्याचार करणाऱ्या गुन्हेगारास लागते. छातीत धडधडते म्हणून मध्यरात्री उठून बसणाऱ्या गृहिणीच्या आजारालाही त्याच कुळातला शब्द लावावा, याचा फारसा विचार परिभाषाकारांनी केलेला दिसत नाही.

प्रश्न केवळ शब्दसौष्ठवाचा नाही. तीव्र भीतीच्या झटक्यात घाम, कंप, गुदमरणे यांच्याबरोबरच ‘आपल्याला वेड लागणार’ ही भीतीही निदानाच्या निकषांतच नोंदविलेली आहे. डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार रुग्ण साध्या धडधडीचा अर्थ ‘आता मरण’ किंवा ‘आता वेड’ असा लावतो. त्या अर्थाने भीती वाढते आणि भीतीने धडधड. अशा रुग्णाला ‘विकृती’ हा शब्द ऐकविणे म्हणजे त्याच्या चुकीच्या अर्थावर शास्त्राची मोहोर उमटविणे होय.

रत्नागिरीसारख्या ठिकाणी हे अधिक जाणवावे. येथील मनोरुग्णालय १८८६ पासूनचे. तरीही चिंतेचा रुग्ण आधी हृदयालेख काढतो, तो निर्दोष आला की ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घातले जाते. मनोरुग्णालयाची पायरी अगदी शेवटची. कायद्याने आपली भाषा बदलली : १९१२ च्या कायद्याच्या नावात ‘वेडेपणा’ होता, १९८७ मध्ये ‘मानसिक आरोग्य’ आले, २०१७ मध्ये ‘मानसिक आरोग्य सेवा’. पाठ्यपुस्तकी परिभाषा मात्र फारशी हललेली नाही.

‘चिंताविकार’ हा पर्याय हाताशी आहे. संतसाहित्यात काम-क्रोधांनाही विकार म्हटले आहे, हा आक्षेप खरा. पण ‘हृदयविकार’ म्हणताना ते कोणाला आठवत नाहीत.

याहून मोठी उणीव उपचारांच्या विवेचनात आहे. लक्षणांना पाने आणि उपचारांना परिच्छेद, असे प्रमाण बहुधा आढळते. ज्या बाजाराची, बसप्रवासाची धास्ती वाटते त्याला रुग्णाने टप्प्याटप्प्याने सामोरे जावे, टाळाटाळीनेच भीती पोसली जाते, हे वर्तनोपचाराचे मर्म दोन ओळींत उरकले जाते. औषधांबाबतही तेच. चिंतेवर दीर्घकाळ दिली जाणारी नैराश्यरोधक औषधे गुण दाखविण्यास काही आठवडे घेतात, आणि डॉक्टरांना न विचारता ती एकदम बंद करावयाची नसतात. तात्काळ शांत करणाऱ्या गोळ्यांची मात्र सवय जडू शकते. हा भेद न कळलेला रुग्ण पहिले औषध आठवड्यात सोडतो आणि दुसरे वर्षानुवर्षे घेत राहतो.