जुने खेळ: आधी चालते ठेवा, मग सजवा

सप्टेंबर 2020 मध्ये युबिसॉफ्टने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’चा रिमेक जाहीर केला. तो घडवण्याची जबाबदारी कंपनीच्या पुणे आणि मुंबईतल्या स्टुडिओंकडे होती. 2003 चा हा व्हिडिओ गेम सुरू होतो तोच मुळी हिंदुस्थानातल्या एका महाराजाच्या राजवाड्यावरच्या हल्ल्याने. नायिका फराह ही त्याच महाराजाची मुलगी. त्यामुळे खेळ जणू आपल्या घरी येतोय, असं वाटलं होतं. मग ट्रेलर आला. चेहरे निर्जीव दिसतात, प्रकाश सपाट आहे, अशी टीका जगभरातून झाली. जानेवारी 2021 ची तारीख मार्चवर गेली, मार्चची बेमुदत लांबली. मे 2022 मध्ये काम माँट्रियलला हलवलं गेलं, जिथे मूळ खेळ तयार झाला होता. आणि जानेवारी 2026 मध्ये युबिसॉफ्टने प्रकल्पच रद्द केला.

या अपयशाचं खापर त्या वेळी अनेकांनी ‘भारतीय स्टुडिओ’वर फोडलं. ते अन्यायाचं होतं, कारण पुढे माँट्रियललाही तो रिमेक पूर्णत्वाला नेता आला नाही. अडचण कामाच्या जातीतच होती. ‘सँड्स ऑफ टाइम’ची जादू चेहऱ्यांत कधीच नव्हती. भिंतीवरून धावणारा राजपुत्र खांबाला लटकतो, उडी चुकते, तो दरीत कोसळतो आणि खंजिरातल्या वाळूने तो क्षण मागे फिरवतो. त्या हालचालींची लय म्हणजेच तो खेळ. नवे पोत आणि नवा प्रकाश चढवताना ही लय जराही बिघडली तर उरतं ते फक्त एक जुनं कथानक.

जुने खेळ नव्याने बनवावेत की नाही, या प्रश्नाला माझं उत्तर होकारार्थी आहे. पण क्रम महत्त्वाचा. आधी मूळ खेळ आजच्या यंत्रांवर जसाच्या तसा चालता करावा, म्हणजे पोर्ट करावा. रिमेकची पाळी त्यानंतरची. बहुतेक कंपन्या नेमकं उलट करतात. 2003 चा ‘सँड्स ऑफ टाइम’ संगणकासाठी आजही विकत मिळतो, पण रुंद पडद्यावर तो नीट बसावा यासाठी चाहत्यांनी फुकट केलेल्या दुरुस्त्या शोधाव्या लागतात. जे काम कंपनीचं, ते लोक रात्री जागून करतात.

यवतमाळ, पुसद, वणी इथल्या ज्या पिढीने सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने पैसे मोजून ‘जीटीए: व्हाइस सिटी’ खेळला, तिला हा प्रश्न जरा वेगळा दिसतो. 2002 चा तो खेळ आमच्याकडे आला तो नकली सीडीवरून. खेळातल्या आपल्या घरी पोचल्याशिवाय प्रगती सेव्ह होत नसे आणि विदर्भातलं भारनियमन कुणाच्या मिशनसाठी थांबत नसे. दिवे गेले की सगळं पुन्हा पहिल्यापासून. 2012 मध्ये रॉकस्टार या कंपनीने तोच खेळ मोबाइलवर आणला. ज्या गावात खेळाची अधिकृत प्रत ठेवणारं दुकान नव्हतं, तिथल्या माणसाला तो पहिल्यांदाच रीतसर, मोजक्या पैशात विकत घेता येऊ लागला. मोठ्या शहरांत पोर्टला स्मरणरंजन म्हणतात. आमच्या जिल्ह्यात तो खेळाशी झालेला पहिला प्रामाणिक व्यवहार होता.

त्याच रॉकस्टारने नोव्हेंबर 2021 मध्ये ‘जीटीए: द ट्रिलॉजी – द डेफिनिटिव्ह एडिशन’ हा जुन्या जीटीए खेळांचा नवा संच आणला, आणि त्याआधीच जुन्या आवृत्त्या विक्रीतून काढून टाकल्या. फसलेलं मिशन तिथूनच पुन्हा सुरू करण्याची सोय नव्या संचात आली, तिचं मी मनापासून स्वागत करतो. पण पात्रांचे चेहरे विद्रूप झाले, परवान्यांअभावी काही गाणी गळाली, आणि संचातल्याच ‘सॅन अँड्रियास’ या खेळातलं धुकं विरलं. हे धुकं मुळात जुन्या यंत्राच्या मर्यादेतून आलेलं होतं, दूरचं दृश्य दाखवण्याची त्याची ताकद नव्हती म्हणून. पण त्याच धुक्यामुळे तो प्रदेश अफाट वाटायचा. ते काढल्यावर डोंगरमाथ्यावरून सगळी शहरं एका नजरेत दिसू लागली आणि अख्खं राज्य तालुक्याएवढं झालं. मर्यादा आणि कला कुठे एकजीव झाल्या आहेत हे न ओळखता केलेली दुरुस्ती अशी अंगाशी येते. लोक चिडल्यावर रॉकस्टारने माफी मागितली आणि संगणकावरच्या जुन्या आवृत्त्या परत विक्रीला ठेवल्या.

नाटकाला अशा बदलांची भीती नसते. ‘संगीत सौभद्र’ 1882 पासून रंगभूमीवर आहे. प्रत्येक मंडळी पदं कमी करते, अंक आवळते, नेपथ्य बदलते. त्याला कुणाची हरकत नसते, कारण किर्लोस्करांची संहिता शाबूत आहे. व्हिडिओ गेमच्या बाबतीत संहिता म्हणजे कोड, आणि तो एकाच कंपनीच्या कपाटात असतो. कोनामीच्या ‘सायलेंट हिल’च्या 2012 मधल्या एचडी संचाचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांना अंतिम कोड मिळालाच नाही, अपुऱ्या कोडवरून उभारलेला तो संच चुकांनी भरलेला निघाला. 2023 मध्ये अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने पाहणी केली, तेव्हा तिथे प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी 87 टक्के आज बाजारात मिळत नाहीत असं दिसलं. चित्रपटांसाठी पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय संग्रहालय आहे. खेळांसाठी आपल्याकडे त्या तोडीची जागा मला दिसत नाही.

चांगलं काम कसं दिसतं, याचं उदाहरण कॅपकॉमने घालून दिलं. 1998 चा ‘रेसिडेंट ईव्हिल 2’ त्यांनी 2019 मध्ये पार नव्याने रचला: कॅमेरा बदलला, नेम धरण्याची पद्धत बदलली, पण पोलीस ठाण्याच्या त्या बोळांतली धास्ती कायम ठेवली. आणि 2024 मध्ये मूळ खेळही आजच्या संगणकांसाठी पुन्हा विक्रीला आला. दोन्ही शेजारी ठेवून खेळता येतात, आणि म्हणूनच रिमेकचं मोठेपण कळतं. ‘एज ऑफ एम्पायर्स 2’ची वाट आणखी वेगळी. 1999 च्या या खेळाची 2019 मध्ये आलेली आवृत्ती अजून वाढते आहे. 2022 मध्ये तिला ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ ही भर मिळाली.

दिखाऊ रिमेकच्या मागे धावताना आणखी एक गोष्ट सुटते, ती म्हणजे खेळणाऱ्याच्या हातातलं यंत्र. आज रिमेक म्हटलं की हजारो रुपयांची किंमत आणि अनेक जीबींचं डाउनलोड, वर नवा कन्सोल किंवा महाग ग्राफिक्स कार्ड. उमरखेडच्या किंवा पांढरकवड्याच्या मुलाकडे साधा अँड्रॉइड फोन असतो. वीस वर्षांपूर्वीचे उत्तम खेळ त्या फोनवर सहज चालू शकतील. युबिसॉफ्टने रिमेक रद्द केला तो केला. मूळ ‘सँड्स ऑफ टाइम’ फोनवर आणायला, त्यात हिंदी आणि मराठी उपशीर्षकं घालायला आणि तो दोन-तीनशे रुपयांत विकायला अजून काहीच आड येत नाही. पुणे-मुंबईच्या स्टुडिओंकडे हे काम आधीच द्यायला हवं होतं.