खारेपणाचा धडा : शिरोडा परिसर आणि सागरी लोकशिक्षणाची मर्यादा

प्रास्ताविक

सागर व खाड्यांविषयीचे लोकशिक्षण महाराष्ट्रात गेल्या दीड-दोन दशकांत विशेष रुजले. २०१२ मध्ये राज्य शासनाने कांदळवन कक्ष स्थापन केला. त्याच सुमारास संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर सागरी जैवविविधतेचा प्रकल्प सुरू झाला. पुढे वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाने कांदळवन सफर सुरू केली. २०२२ मध्ये देशभर ७५ दिवसांची किनारा स्वच्छता मोहीम राबविण्यात आली. या उपक्रमांचे मोल निर्विवाद आहे. तथापि त्यांतून नेमके काय शिकविले जाते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात शिरोडा परिसराच्या संदर्भात त्याचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे.

नामज्ञान आणि प्रक्रियाज्ञान

या कार्यक्रमांचा भर सर्वसाधारणतः दोन गोष्टींवर असतो : जीवजातींची ओळख आणि सदाचरणाचे आवाहन. पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष (२०२०), पापलेट हा राज्यमासा (२०२३), कासव वाचवा, कचरा टाकू नका, असे त्यांचे सूत्र दिसते. ही चिन्हे आस्था निर्माण करतात. परंतु खाडी ही केवळ जीवजातींची यादी नव्हे. नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी यांची रोज दोनदा होणारी देवघेव म्हणजे खाडी. कोणता कांदळ कोठे वाढेल, कालवे कोठे धरतील, हे बहुतांशी पाण्याच्या खारेपणावर अवलंबून असते. खारबंधारा फुटल्यावर भातशेती नापीक का होते आणि विहीर मचूळ का होते, याचे उत्तरही तेथेच आहे. नावे शिकवून हा व्यवहार वगळणे म्हणजे मुळाक्षरे शिकवून वाचन न शिकविण्यासारखे आहे.

शिरोड्याचे मिठागर : एक दुर्लक्षित पाठ्यपुस्तक

शिरोड्याच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. या गावाची ओळखच मिठाशी निगडित आहे. १९३० मध्ये येथील मिठागरांवर सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर त्या काळात (१९२० ते १९३८) याच गावी शिक्षक होते. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मिठागरात भरतीचे पाणी घेऊन ते उथळ वाफ्यांतून टप्प्याटप्प्याने आटविले जाते. पाणी सुमारे पाचव्या हिश्शावर आल्यावर जिप्सम बसू लागते. दहाव्या हिश्शाच्या आसपास मीठ धरते. कडवट मॅग्नेशियम क्षार उरलेल्या पाण्यात राहतात. उधाणाची भरती कोणती, भांगाची कोणती आणि पाणी केव्हा पुढच्या वाफ्यात सोडावे, हे आगरी कामगार अनुभवाने जाणतो. लोकशिक्षणाच्या रूढ मांडणीत मात्र हा जाणकार केवळ श्रोता ठरतो. 'जनजागृती' या शब्दातच समोरचा निद्रिस्त असल्याचे गृहीतक दडलेले आहे.

खारेपणा आणि कायदा

हा प्रश्न केवळ अध्यापनपद्धतीचा नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ व २०१९ च्या अधिसूचनांनुसार खाडीत भरतीचा प्रभाव कोठवर मानावयाचा, हे क्षारतेवरून ठरते. वर्षातील सर्वांत कोरड्या काळात जेथपर्यंत पाण्यात दर हजारी पाच भाग क्षार आढळतात, तेथपर्यंत हे नियमन लागू होते. खाडीकाठच्या नियंत्रित पट्ट्याची मर्यादा २०११ मध्ये १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल ते, अशी होती. २०१९ मध्ये शंभराचे पन्नास मीटर झाले. पावसाळ्यात गोड्या पाण्यामुळे हीच क्षारतेची सीमा समुद्राकडे सरकते. म्हणूनच मोजणीचा महिना निर्णायक ठरतो. घर, शेती, मासेमारी आणि पर्यटन प्रकल्प यांचे भवितव्य अशा मोजणीशी बांधलेले आहे. किनारा आराखड्याच्या जनसुनावणीत नकाशा समोर आल्यावर कांदळाची दहा नावे सांगणारा नागरिक गप्प राहतो; 'हे पाणी कोणत्या महिन्यात मोजले?' असे विचारू शकणारा नागरिक सुनावणीला अर्थ देतो.

यावर असा आक्षेप संभवतो की, शाळा-महाविद्यालयांच्या मोजणीला कायदेशीर मान्यता नसते. हे खरे आहे. सीमा निश्चित करण्याचे काम अधिकृत संस्थांचेच आहे. परंतु लोकशिक्षणाचे प्रयोजन पर्यायी नकाशा तयार करणे हे नसून, तयार नकाशा तपासू शकणारी दृष्टी देणे हे आहे.

समारोप

तात्पर्य, सागरी लोकशिक्षणाचे मूल्यमापन उपस्थितांच्या संख्येवर किंवा गोळा केलेल्या कचऱ्याच्या वजनावर करणे अपुरे आहे. तेरेखोल खाडीवर अथवा शिरोड्याच्या मिठागराकाठी साध्या हायड्रोमीटरने वर्षभर, दरमहा, भरती व ओहोटीच्या वेळी पाणी मोजणे. त्या नोंदी मीठ कामगार व मच्छीमार यांच्या अनुभवाशी ताडून पाहणे. आणि त्या ग्रामसभेपुढे ठेवणे, हा उपक्रम परिसरातील कोणत्याही महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहे. १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठाने हक्काचा प्रश्न उभा केला होता. आज त्याच पाण्याचा खारेपणा किनाऱ्यावरील हक्कांची सीमा ठरवीत आहे. तो मोजता येणे हीच येथील सागरी साक्षरतेची पहिली पायरी होय.