शिवी, सभ्यता आणि मानाचे वाटप : मराठी साहित्यविचारातील एका कसोटीची फेरतपासणी

प्रास्ताविक

नोव्हेंबर २०२४ मध्ये बीडच्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील सौंदाळा (ता. नेवासा) या गावाच्या ग्रामसभेने एक ठराव संमत केला. आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्यास ५०० रुपये दंड करावा, असा तो ठराव होता. भांडण दोन पुरुषांचे आणि अवमान मात्र तेथे हजरही नसलेल्या स्त्रीचा, ही आपल्या नित्य व्यवहारातील विसंगती एका गावाने ओळखली आणि तिच्यावर उपाय योजला. या ठरावाचे स्वागत झाले ते योग्यच होय.

तथापि हाच प्रश्न मराठीच्या वर्गात येतो तेव्हा अध्यापकाची अडचण वेगळी असते. अभ्यासक्रमातील दलित कवितेत किंवा आत्मकथनात शिवी आली की आपल्यापैकी अनेकजण ‘हा भाग घरी वाचा’ असे सांगून पुढे सरकतात. गावाने शिवीला दंड केला आणि वर्गाने तिला वगळले. दोन्ही ठिकाणी शिवी हा शब्दाचा दोष आहे, असेच गृहीत धरलेले आहे. मराठी समीक्षेनेही शिवीचा विचार बहुतांशी अश्लीलता आणि अभिरुची यांच्या कसोटीवर केला. ही कसोटी अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. एखादा शब्द सभ्य की असभ्य हे त्या शब्दावरून ठरत नाही. समाजात मान कोणाला किती वाटून दिला आहे, यावरून ते ठरते. म्हणून साहित्यातील शिवीचे मूल्यमापन मानाच्या वाटपाच्या कसोटीवर झाले पाहिजे.

१. राजाज्ञेतील शिवी

शिवी ही अशिक्षितांची भाषा होय, असा एक रूढ समज आहे. मराठीचा लेखी पुरावा या समजाला दुजोरा देत नाही. शिलाहार व यादव काळातील दानलेखांच्या शिळांवर वरच्या भागात सूर्य-चंद्र आणि खाली गाढव व स्त्री यांचे शिल्प आढळते. या शिळांना ‘गद्धेगाळ’ म्हणतात. ‘गाळ’ म्हणजे शिवी. राजाने दिलेले दान जो मोडील, त्याच्या आईची गाढवाकडून विटंबना होईल, असा त्या शापवचनाचा आशय असतो. बाराव्या शतकातील परळ येथील शिलाहार राजा अपरादित्याच्या लेखात हे शापवचन शुद्ध मराठीत कोरलेले आहे. शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) या ग्रंथामुळे हे लेख मराठीच्या अभ्यासकांना परिचित झाले.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे ही शिवी राजसत्तेची आहे. तिच्यामागे शासनाचे बळ आहे आणि म्हणून तिला कोणी ग्राम्य म्हणत नाही. दुसरी म्हणजे दान मोडणारा पुरुष आहे आणि शिक्षा त्याच्या आईला आहे. सौंदाळ्याच्या ग्रामसभेने ज्या विसंगतीला दंड ठोठावला, ती विसंगती सुमारे आठशे वर्षांपूर्वी राजाज्ञेने दगडावर कोरली होती.

२. आदराची सक्ती

शिवीचा विचार करताना तिच्या विरुद्ध टोकाचा, म्हणजे आदरवाचक भाषेचा, विचार करणे अगत्याचे आहे. ब्राउन आणि गिलमन यांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांतील सर्वनामांचा अभ्यास करून सत्ता आणि जवळीक ही दोन तत्त्वे मांडली. वरिष्ठ कनिष्ठाला एकेरी संबोधतो व त्याच्याकडून बहुवचनी संबोधन घेतो, हे सत्तेचे तत्त्व. समान माणसे परस्परांना एकाच सर्वनामाने संबोधतात, हे जवळिकीचे तत्त्व. मराठीतील ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांनाही ही तत्त्वे लागू पडतात. आईला ‘तू’ म्हणणारा मराठी माणूस तिचा अनादर करीत नाही. विठ्ठलालाही संतांनी एकेरीच संबोधिले. मराठवाड्यातील आजी नातवाला ‘मुडद्या’ किंवा ‘भाड्या’ म्हणते तेव्हा तिच्या तोंडी माया असते आणि नातूही ती तशीच घेतो. ‘लेका’ हा शब्द तर मित्रामित्रांत शिवीचा उरलाच नाही.

परंतु याच भाषेत दुसरीही व्यवस्था नांदत आली आहे. एकाच वयाच्या दोन माणसांपैकी एक ‘किसनराव’ होतो आणि दुसरा ‘किसन्या’. ‘राव’, ‘पंत’, ‘बाई’ हे प्रत्यय काहींच्या वाट्याला जन्मतः येतात. काहींच्या नावाला मात्र केस पिकल्यावरही ‘या’ हाच प्रत्यय चिकटलेला राहतो. पन्नाशीच्या मजुराला वाड्यातील दहा वर्षांच्या मुलाने ‘अरे’ म्हणून हाक मारावी आणि मजुराने त्याला ‘जी मालक’ म्हणावे, या संवादात एकही अपशब्द नाही. अश्लीलतेच्या कोणत्याही कसोटीवर तो निर्दोष ठरेल. तरीही एवढा अवमान एखाद्या शिवीतही सामावणार नाही.

‘जोहार’ या शब्दाचा इतिहास हेच सांगतो. महार समाजाने वरिष्ठांना करावयाचे हे अभिवादन होते. चोखामेळ्याने ते विठ्ठलाच्या दारी नेले आणि एकनाथांनी आपल्या भारुडांत त्याचे रूपक केले. भक्तीच्या प्रांतात त्याला वेगळी उंची लाभली. गावगाड्यात मात्र ते अभिवादन ऐच्छिक नव्हते. आंबेडकरी चळवळीने ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ केले तेव्हा अभिवादनाची दिशाच बदलली. ‘जोहार’ खालून वर जात होता; ‘जय भीम’ समोरासमोर म्हटला जातो आणि तसाच परत येतो. नम्र भाषेचा त्याग हा प्रत्येक वेळी सभ्यतेचा त्याग नसतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

३. विड्याचा जावई

मान हा काढून घेता येतो आणि परतही देता येतो, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. केज तालुक्यातील विडा या गावी धुलिवंदनाच्या दिवशी जावयाला गाढवावर बसवून, गळ्यात चपलांचा हार घालून वाजतगाजत मिरविले जाते. ही प्रथा आठ दशकांहून अधिक काळ चालत आली आहे. सण जवळ आला की जावई लपतात आणि गावातील तरुण त्यांचा शोध घेतात. मिरवणुकीच्या शेवटी जावयाला नवे कपडे व सोन्याची अंगठी देऊन त्याचा सन्मान केला जातो.

रॅडक्लिफ-ब्राउन या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० मध्ये ‘थट्टेच्या नात्या’ची मीमांसा केली. ज्या नात्यात ताण असतो, तेथे समाज परवानगीने थट्टा करू देतो आणि ज्याची थट्टा होते त्याने ती मनावर घ्यावयाची नसते, असे त्याचे निरीक्षण होते. विड्याची मिरवणूक किंवा शिमग्याची बोंब या प्रकारातच मोडते. वर्षभर ‘जावईबापू’ म्हणून ज्याची मर्जी सांभाळावयाची, त्याचा मान एक दिवस उतरविण्यात गंमत आहे. कारण सायंकाळी तो आहेरासह परत मिळणार असतो. शिवी खेळ होऊ शकते ती ज्याच्याजवळ मान आहे त्याच्याच बाबतीत. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) मधील कैकाडी कुटुंबाचे बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर असते. त्यांच्या जगण्यातील गाढव धुलिवंदनापुरते नाही. त्यांचा मान उतरविला जातो. परंतु सायंकाळी तो परत करणारा आहेर नसतो.

४. १९७२ : भाषेचा आणि वस्तुस्थितीचा धक्का

या पार्श्वभूमीवर १९७२ या वर्षाकडे पाहावे लागते. त्या वर्षी परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे दलित स्त्रियांची विटंबना झाली. त्याच वर्षी दलित पँथरची स्थापना झाली. ‘साधना’ साप्ताहिकाच्या १५ ऑगस्ट १९७२ च्या विशेषांकात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख प्रसिद्ध झाला. राष्ट्रध्वजाच्या अवमानाला ३०० रुपये दंड आणि दलित स्त्रीच्या विटंबनेला ५० रुपये, अशी तुलना त्या लेखात होती आणि ध्वजाविषयी अत्यंत कठोर शब्द होते. महाराष्ट्रात त्यावरून मोठा गदारोळ झाला. पण चर्चा झाली ती ध्वजाविषयीच्या शब्दांची. दंडाच्या दोन रकमांमधील अंतराने सभ्य समाज तितका अस्वस्थ झाला नाही. वस्तुस्थितीपेक्षा भाषा अधिक असभ्य वाटावी, हे अश्लीलतेच्या कसोटीचे अपयश होय.

नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ हा संग्रहही १९७२ चाच. विजय तेंडुलकरांनी त्याला प्रस्तावना लिहिली. मुंबईतील त्या वस्तीत ते कवीसोबत फिरले आणि कवितेतील न कळलेल्या शब्दांचे अर्थ त्यांनी कवीला विचारले. मराठीच्या एका अव्वल नाटककाराला मराठीच कवितेसाठी अर्थ विचारावे लागले, ही घटना प्रमाण मराठीच्या मर्यादेचा पुरावा आहे. ढसाळांच्या शिव्यांची चर्चा पुष्कळ झाली. मात्र या संग्रहातील संबोधनांकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. ‘मंदाकिनी पाटील’ या कवितेत वेश्यावस्तीतील तरुणीला कवी नाव आणि आडनाव देतो. जिला हाक मारताना समाज केवळ शिवी वापरतो, तिला शीर्षकात पूर्ण नावाने उभे करणे ही मानाची फेरवाटणी आहे. व्यवस्थेला शिवी आणि तिच्या बळीला पूर्ण नाव, हे या कवितेचे नैतिक सूत्र आहे.

अर्थात येथे एक आक्षेप विचारात घ्यावाच लागेल. व्यवस्थेला दिलेली शिवीही अनेकदा स्त्रीदेहाच्याच शब्दांनी दिली जाते. गद्धेगाळ आणि विद्रोही कविता यांचे हेतू परस्परविरुद्ध आहेत, परंतु शब्दसंपत्ती काही अंशी समान आहे. विद्रोहाची ही मर्यादा मान्य केली पाहिजे. त्या दृष्टीने सौंदाळ्याच्या ग्रामसभेचा प्रश्न विद्रोही साहित्यालाही लागू पडतो.

५. शिवीचे शीर्षक

दलित व भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी एक वेगळी वाट शोधली. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) यांची शीर्षके म्हणजे समाजाने मारलेल्या शिव्याच होत. बारा मासे म्हणजे एक तोळा. अकरा मासे भरले तर तोळा अपुरा. सोनाराच्या तराजूतील ही भाषा माणसाच्या जन्माला लावून अनौरस संततीला ‘अक्करमाशी’ म्हटले गेले. लिंबाळे ती शिवी कोणावर फेकत नाहीत. मुखपृष्ठावर स्वतःच्या नावाजवळ ठेवतात. त्यामुळे वाचकाला पुस्तक मागतानादेखील तो शब्द उच्चारावा लागतो आणि तराजू कोणाचा, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. ही शिवी वगळून ते पुस्तक शिकविताच येत नाही.

६. कायद्याच्या दोन कसोट्या

कायद्यातही या दोन कसोट्या वेगवेगळ्या दिसतात. सार्वजनिक ठिकाणी अश्लील शब्द उच्चारणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम २९४ नुसार गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ मध्ये तो आला. येथे कसोटी शब्दाची आहे. याउलट १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचा लोकांसमक्ष हेतुपुरस्सर केलेला अवमान हा गुन्हा मानतो आणि २०१६ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने जातिवाचक शिवीगाळ हा स्वतंत्र गुन्हा ठरविला. येथे कसोटी मानाची आहे. शब्द अश्लील असण्याची गरज नाही.

वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला होता’ या कवितेचा खटला या संदर्भात उद्बोधक आहे. १९९४ मध्ये बँक कर्मचारी संघटनेच्या नियतकालिकात ती छापली गेली आणि लातूर येथे गुन्हा नोंदविला गेला. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०१५ रोजी निकाल दिला. प्रकाशक व मुद्रक यांनी माफी मागितलेली असल्याने त्यांच्यावरील आरोप रद्द झाला. कवीला मात्र खटल्याला सामोरे जावे लागेल, असे ठरले. ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या मुखी अश्लील शब्द घातले असता समकालीन सामाजिक मानदंडाची कसोटी अधिक कठोरपणे लागू होते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. अश्लीलतेचा निवाडा करतानाही न्यायालयाला ‘कोणाचा मान’ या प्रश्नाकडे यावे लागले. मात्र येथे मान आधीच असलेल्याला अधिक संरक्षण मिळते. ज्याला तो कधी मिळालाच नाही, त्याच्या वतीने बोलणारी कविता याच मापाने मोजली तर अन्याय संभवतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की शिवी आणि आदर या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत. शिवीचे समर्थन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. सौंदाळ्याचा ठराव अनुकरणीयच आहे. परंतु दंड शब्दावर बसू शकतो, ‘किसन्या’ या हाकेवर तो बसविणे कठीण आहे. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला तो याच जाणिवेतून. पाटीवरील नाव एका निर्णयाने बदलते. तोंडातील हाक बदलण्यास अधिक काळ लागतो.

हे काम वर्गात होऊ शकते. शिवी असलेला उतारा वगळण्याऐवजी तो वाचताना तीन प्रश्न विचारावेत : ही शिवी कोण देतो, कोणाला देतो आणि त्या दोघांच्या वाट्याला आधी किती मान आलेला आहे. शेतमजूर आणि ऊसतोड कामगारांची मुले ज्या वर्गात बसतात, तेथे हे प्रश्न केवळ साहित्याचे राहत नाहीत. त्यांच्या घरातील बोलीला ‘अर्वाच्य’ म्हणून आपण हिणवितो, तेव्हा आपल्या प्रमाण मराठीत एकही अपशब्द नसतो, तरीही तो अवमानच असतो. आपण शिपायाला कसे बोलावतो, तासिका तत्त्वावरील सहकाऱ्याचा उल्लेख कसा करतो आणि हजेरी घेताना कोणाचे नाव पूर्ण व कोणाचे अर्धे उच्चारतो, हेही याच अभ्यासाचे विषय होत. सभ्यतेची परीक्षा शिवीच्या अभावावर न होता मानाच्या समान वाटपावर होऊ लागेल, तेव्हाच मराठी समीक्षेला आपल्या साहित्यातील शिवीचे खरे वाचन करता येईल.