तालीम उभी राहिली, गाव उठून गेले

आपल्या भाषेने संकटांची वाटणी फार पूर्वीच करून ठेवली आहे. पाऊस पडला नाही, नदी चढली, धरणी हलली, की ते अस्मानी. सारा वाढला, जमीन गेली, घरातून उठवले, की ते सुलतानी. बोलताना मात्र आपण हे दोन शब्द सहसा सुटे करीत नाही. 'अस्मानी-सुलतानी' असा जोडशब्दच तोंडात येतो. ज्यांनी तो घडवला त्यांना या दोहोंतले नाते पुरते ठाऊक असले पाहिजे. ग्रामीण साहित्याच्या आपल्या समीक्षेने मात्र ही जोडी फोडून टाकली आहे. कादंबरीत दुष्काळ आला की समीक्षक 'नियती' हा शब्द काढतात आणि धरण आले की 'व्यवस्था' हा. माझी तक्रार या सवयीबद्दल आहे, आणि ती मी व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'च्या आधाराने मांडणार आहे.

'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपाने आली. सीमाभागातल्या आपल्या घरांतून ती अजूनही वाचली जाते. कुणाला ती अभ्यासक्रमातून भेटली, कुणाला वाचनालयातून, तर कुणाला १९९५ साली अमोल पालेकरांनी केलेल्या चित्रपटातून. कथा थोडक्यात सांगता येते. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर पोरवयाचा मास्तर बदलून येतो. बंद पडलेली शाळा तो सुरू करतो. म्हातारा कारभारी त्याला हाताशी धरतो आणि हळूहळू वाडी मास्तरला आपला मानू लागते. मास्तरच्या मनात येते की वाडीला एक तालीम असावी. लोक अंगमेहनतीने ती बांधतात आणि खुद्द औंधचे राजे ती पाहायला वाडीवर येतात. त्यानंतर कारभारी जातो. पाऊस दडी मारतो. मेंढरे घेऊन माणसे वाडी सोडतात, आणि शेवटी मास्तरही निघतो.

या शेवटाबद्दल आजवर जे लिहिले गेले आहे, त्यातले बरेचसे एका सुरातले आहे. निसर्गापुढे माणूस कसा हतबल असतो आणि लेखकाने ते किती संयमाने दाखवले आहे, असा तो सूर. संयमाबद्दल माझे दुमत नाही. पण हतबलता हा शब्द मला पटत नाही. त्या शब्दाने कादंबरीचा शेवट तिच्या मधल्या भागापासून तुटतो आणि दुष्काळ बाहेरून येऊन पडल्यासारखा वाटतो.

दुष्काळाच्या कितीतरी आधी माडगूळकरांनी शेकूचे चित्र काढले आहे. शेकूजवळ एकच बैल आहे. पेरणी तर करायची आहे, म्हणून जुवाच्या दुसऱ्या बाजूला त्याची बायको उभी राहते. वाचकाच्या मनावर हा प्रसंग कोरला जातो आणि आपण तो दारिद्र्याचे दर्शन म्हणून लक्षात ठेवतो. मला तो त्याहून अधिक काही सांगतो. पाऊस वेळेवर होता त्या वर्षी ज्याच्या घरी दुसरा बैल नव्हता, त्याच्या घरी पाऊस चुकल्याच्या वर्षी काय असणार? साठवलेली वैरण नाही, पेवात धान्य नाही, सावकाराकडे पत नाही. शेकूचा दुष्काळ त्या जुवापाशीच सुरू झालेला आहे. पावसाने दगा दिला तेव्हा तो सर्वांना दिसला, एवढेच.

या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर राम देशमुखांनी केले, ते १९५८ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या नावाचा अर्थ होतो, 'गावाला भिंती नव्हत्या'. भाषांतरकाराला हे नाव का सुचले असेल याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. गावाला भिंती नाहीत म्हणजे माणसांत आडपडदा नाही, असा एक गोड अर्थ आहे. दुसरा अर्थ तितकासा गोड नाही. वाऱ्याला, रोगाला, अवर्षणाला अडवील असे त्या वाडीभोवती काहीच नाही.

आता तालमीकडे येऊ. ज्या काळाची ही गोष्ट आहे, त्या काळचे औंध संस्थान साधेसुधे नव्हते. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती देणारी घटना १९३९ साली लागू केली. तिचा पायाच ग्रामपंचायत हा होता. आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत, स्वतंत्रपूर, याच संस्थानात निघाली. माणदेशासारख्या, जिथे वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरसुद्धा पाऊस धड पडत नाही अशा मुलखात, गावाने स्वतः उभे राहावे असा हा प्रयत्न होता. शाळा आणि तालीम ही त्याच वाऱ्याची लेकरे. पुढे स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, 'सामूहिक विकास योजना' या नावाने देशभर जे सुरू झाले त्याची छोटी प्रत माडगूळकरांच्या पानांवर आधीच्या काळात घडताना दिसते. श्रमदान आहे, पुढाऱ्याच्या हस्ते उद्घाटन आहे, बाहेरून आलेला तळमळीचा कार्यकर्ता आहे आणि विरोध करणारा दादू बालट्याही आहे.

मला विचारावेसे वाटते ते असे. वाडीने मिळून एक वास्तू उभी केली. ती तालीमच का झाली? विहीर का नाही, बांध का नाही, सगळ्यांच्या वैरणीची एखादी कोठी का नाही? उत्तर कादंबरीतच आहे. तालीम हे मास्तरचे स्वप्न होते. वाडीने त्याच्यावरच्या मायेपोटी ते आपले मानले. वाडीला काय हवे आहे, हा प्रश्न त्या साऱ्या उत्साहात कुणी फारसा विचारलाच नाही. म्हणून पुढच्या कोरड्या वर्षी तालीम जागच्या जागी उभी राहिली आणि गाव उठून गेले.

कुणी म्हणेल, ही कादंबरी आहे, नियोजन मंडळाचा अहवाल नव्हे. आक्षेप रास्त आहे. तालमीच्या जागी विहीर असती तर कादंबरी अधिक चांगली झाली असती, असे मी म्हणत नाही. माडगूळकरांना जे दिसले ते त्यांनी दाखवले, आणि दोन्ही गोष्टी एकाच वाडीत, एकापुढे एक ठेवल्या. त्या जोडून वाचणे हे समीक्षेचे काम होते.

माझ्याच वाचनाविरुद्ध आणखी दोन गोष्टी मला मांडल्या पाहिजेत. पहिली, तालीम अगदी वाया गेली असे नाही. एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे तिच्यासाठी एकत्र राबली, आणि एकत्र राबण्याची सवय हीसुद्धा गावाची पुंजीच असते. दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. धनगराने मेंढरे घेऊन निघणे म्हणजे गावाची अखेर, असे आपण का मानतो? पाऊस असेल तिकडे कळप नेणे हा त्यांचा पिढीजात शहाणपणा आहे. घर सोडता येणे हेच त्यांचे अवर्षणावरचे उत्तर आहे. वाडी ओस पडली याचे दुःख ज्याला सर्वांत जास्त झाले तो निवेदक मास्तर आहे, आणि त्याची शाळा जागची हलत नाही. आपण सारे त्याच्या डोळ्यांनी पाहतो म्हणून आपल्याला फक्त ओस घरे दिसतात. मेंढरांमागून गेलेली माणसे कुठवर पोचली, त्यांतली किती जगली, कोण परत आले, हे आपल्याला कळत नाही. सुधारणा ज्या नजरेने गावाकडे पाहते, तिच्या मर्यादेसह ती नजर या पुस्तकात उतरली आहे. हे मला माडगूळकरांचे मोठे यश वाटते.

याच्या उलट टोकाला विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' आहे. ती १९९१ साली आली आणि १९९२चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. इथे पाऊस भरपूर आहे, त्याला अडवणारे धरणही आहे आणि धरणाखाली गेलेल्या गावाची माणसे पुनर्वसनाच्या नावाखाली रानोमाळ झाली आहेत. म्हणजे विकास हेच इथले संकट. या कादंबरीवर लिहिताना समीक्षकांनी शासकीय यंत्रणेवर भरपूर कोरडे ओढले, आणि ते योग्यच होते. पण 'बनगरवाडी' आणि 'झाडाझडती' एकाच टेबलावर ठेवून वाचल्याचे मला क्वचितच आढळले. वास्तविक एका पुस्तकातल्या माणसांना जे पाणी हवे आहे, त्याच पाण्याखाली दुसऱ्या पुस्तकातल्या माणसांची गावे गेली आहेत. कोयनेचे उदाहरण घ्या. धरणाने वीज दिली, उद्योग उभे केले. गावेही बुडवली. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, आणि त्याचा जलाशयाशी संबंध असल्याचे शास्त्रज्ञांनी पुढे दाखवून दिले. यात अस्मानी कुठे संपली आणि सुलतानी कुठे सुरू झाली, हे सांगता येईल का?

साहित्यात जे झाले नाही ते माणदेशाच्या परिसरात माणसांनी करून दाखवले. आटपाडीच्या शेजारी खानापूर तालुका आहे. आपला बेळगावजवळचा खानापूर नव्हे, सांगली जिल्ह्यातला. १९८२च्या गिरणी संपात मुंबईहून परतलेले कामगार आणि दुष्काळी कामावर खडी फोडणारे शेतकरी तिथे विचारू लागले, की दरवर्षी खडीच का फोडायची? आमच्या येरळा नदीचे पाणी गेले कुठे? ठेकेदार नदीतली वाळू उपसून नेत होते आणि विहिरी आटत होत्या. तांदुळवाडी आणि बलवडीच्या लोकांनी लढा दिला. थोडी वाळू स्वतः विकून पैसा उभा केला, अभियंते के. आर. दाते यांच्यासारख्या जाणकारांची मदत घेतली आणि श्रमदानाने बळीराजा स्मृती धरण बांधले. पाण्याची वाटणी करताना भूमिहीनांनाही वाटा धरला. पुढे १९९३पासून आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडींच्या नेतृत्वाखाली पाणी संघर्ष चळवळ उभी राहिली. दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचे पाणी समन्यायाने मिळावे, ही तिची मागणी. धरणग्रस्त आणि दुष्काळग्रस्त यांनी एकमेकांचे वैरी न होता एकत्र बसावे, हा आग्रह या साऱ्या चळवळींत होता. माडगूळकरांचे माडगुळे याच आटपाडी तालुक्यात आहे. त्या मुलखात आज टेंभू योजनेचे पाणी खेळते आहे.

मला त्या धरणात तालमीचाच पुढचा अवतार दिसतो. श्रमदान तेच, माणसेही तशीच. फरक पडला तो एका प्रश्नाने. संकट कशामुळे येते, हे इथे लोकांनी आधी विचारले आणि मग काय बांधायचे ते ठरवले. शिवाय संकटातच, म्हणजे दुष्काळी कामावरच, त्यांना एकत्र बसायला सवड मिळाली. १९७२च्या दुष्काळातूनही असेच घडले होते. १९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या आसपास माणसे दुष्काळी कामांवर होती. त्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या रोजगार हमीच्या कल्पनेला बळ आले आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. संकट गावाला मोडते तसे कधी कधी शहाणेही करते. पण त्यासाठी गावात बोलायची जागा शिल्लक असावी लागते. या प्रवासावरची मोठी कादंबरी वाचायची माझी इच्छा अजून पुरी झालेली नाही.

आपल्या सीमाभागाला तर हा विषय फार जवळचा आहे. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णा आणि तिच्या उपनद्या चढल्या, तेव्हा सांगली-कोल्हापूर आणि चिकोडी-अथणी यांच्यात पाण्याने भेद केला नाही. एका निवारा केंद्रात कन्नड बोलणारी आजी आणि मराठी बोलणारी आजी शेजारी शेजारी झोपल्या. बाहेर मात्र वाद चालला होता तो अलमट्टीच्या फुगवट्याचा आणि कोयनेच्या विसर्गाचा, म्हणजे दोष पलीकडच्या राज्याचा किती याचा. पूररेषेच्या आत घरे कुणी बांधू दिली, ओढे कुणी बुजवले, हे प्रश्न दोन्ही काठांवर सारखेच होते आणि दोन्हीकडे मागेच राहिले. आपल्या दिवाळी अंकांतून सीमाप्रश्नावर दरवर्षी लिहिले जाते, आणि ते लिहिले गेलेच पाहिजे. पण महापुरावर जे येते ते बहुधा कवितेच्या रूपात येते, नदीला आई किंवा कैदाशीण म्हणून मोकळे होते. पूर ओसरल्यावर पहिला चिखल कुणाच्या घरातून निघाला आणि कुणाच्या घरातून शेवटी, यावर कथा लिहिणारा आपल्यात कुणी तरी निघावा. ती कथा मराठीतच असावी असाही माझा हट्ट नाही. कन्नडात आली तर आपण तिचे भाषांतर करू.

समीक्षकांकडून माझे मागणे छोटे आहे. यापुढे कादंबरीच्या शेवटी दुष्काळ किंवा पूर आला, तर 'नियती' हा शब्द लिहिण्याआधी पन्नास पाने मागे जावे आणि जुवाच्या दुसऱ्या बाजूला कोण उभे आहे ते पाहून यावे.