लिंबू म्हणजे कोणते लिंबू?

शाळेच्या आनंदमेळाव्यासाठी मुलांकडून उटणे, साबण, अत्तर, ओठांचे मलम करून घेण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. गेल्या उन्हाळ्यात शिक्षकांच्या एका शिबिरात आम्हाला याच विषयावरचे चार पानी टिपण मिळाले. लिंबूवर्गीय फळांच्या सुगंधी तेलापासून अंगाला लावायचे तेल, हातांचे मलम आणि फवारायचे अत्तर अशा तीन कृती त्यात आहेत. वर ठळक अक्षरांत लिहिले आहे की हे तेल ‘उन्हात सुरक्षित’ आहे. असली टिपणे आपल्यापैकी अनेकांच्या हाती येतात आणि तिथून ती थेट मुलांच्या हातांवर आणि मानेवर जातात. म्हणून हे टिपण जरा बारकाईने तपासायचे ठरवले.

आधी त्याचे श्रेय त्याला द्यायला हवे. लिंबाचे तेल आणि ऊन यांचे काही वाकडे असते याची दखल तरी त्याने घेतली आहे. वर्षानुवर्षे चालत आलेल्या ‘चेहऱ्याला लिंबू चोळा’ छापाच्या सल्ल्यांत तेवढेही नसते. भाषा सोपी आहे, भांड्यांच्या स्वच्छतेबद्दल दोन चांगली वाक्ये आहेत. अडचण आहे ती ठळक अक्षरांतल्या त्या दोन शब्दांची. ते शब्द कोणत्या तेलाबद्दल आहेत, हे टिपणात कुठेच लिहिलेले नाही.

लिंबूवर्गातल्या काही फळांच्या सालीत फ्युरोकुमारीन नावाच्या संयुगांचा गट असतो. बर्गाप्टेन हे त्यातले ठळक नाव. हे रेणू त्वचेत शिरले आणि त्यावर सूर्यप्रकाशातले अतिनील-अ किरण पडले, की ते पेशीतल्या डीएनएला चिकटतात. पेशी मरतात, त्वचा लाल होते, कधी फोड येतात आणि नंतर तपकिरी डाग उरतात. हे डाग काही आठवडे, काही वेळा कित्येक महिने टिकतात. ही अ‍ॅलर्जी नव्हे. अ‍ॅलर्जी एखाद्यालाच होते. इथे पुरेसे द्रव्य आणि पुरेसे ऊन मिळाले तर कोणाचीही त्वचा भाजते. शिवाय परिणाम लगेच दिसत नाही. एक ते तीन दिवसांनी तो उमटतो, तोपर्यंत आपण परवा लिंबू हाताळले होते हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. परदेशात लहान मुलांच्या अंगावर मोठ्यांच्या लिंबाळलेल्या बोटांचे असे डाग उठले आणि ते मारहाणीचे वळ समजले गेले, अशा नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. शिक्षकांनी हे माहीत करून घेतलेले बरे.

या प्रकाराचा इतिहास अत्तराशीच जोडलेला आहे. जर्मनीतल्या कलोन शहरात १७०९ पासून तयार होणाऱ्या प्रसिद्ध सुगंधी पाण्यात बर्गमॉट या फळाच्या सालीचे तेल वापरले जाई. हे फळ प्रामुख्याने इटलीच्या दक्षिण टोकाला, कॅलाब्रियात पिकते. असे पाणी लावून उन्हात गेलेल्यांच्या अंगावर डाग पडतात, असे फ्रॉइंड या डॉक्टरने १९१६ मध्ये नोंदवले. मानेवरून ओघळलेल्या थेंबांनी पडणारे डाग गळ्यातल्या लोलकासारखे दिसतात, म्हणून १९२५ मध्ये रोझेन्थाल याने या विकाराला लोलकावरूनच नाव दिले. याच गटातला सोरालेन हा रेणू आपल्याकडच्या बावचीच्या बियांत असतो. कोडावर बावची लावून उन्हात बसण्याचा उपाय आयुर्वेदात पूर्वापार आहे. १९३०च्या दशकात भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी त्या बियांतून सोरालेन वेगळे केले. पुढे अशा औषधाबरोबर मोजून अतिनील किरण देण्याची पद्धत आधुनिक वैद्यकातही आली. ही रसायने वाईट आहेत असे म्हणण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न मोजमापाचा आहे.

मग काही तेले उन्हात निर्धोक कशी ठरतात? त्याचे उत्तर बहुतेक वेळा तेल काढण्याच्या पद्धतीत सापडते. साल दाबून, खरवडून काढलेल्या तेलात सालीतले सगळेच उतरते: वास देणारे हलके रेणू येतात, तसेच मेण आणि फ्युरोकुमारिनेही येतात. उलट वाफेने ऊर्ध्वपातन केले तर वाफेबरोबर फक्त हलके, बाष्पनशील रेणू वर जातात. वासातला मुख्य घटक लिमोनीन याचा रेणुभार १३६, तर बर्गाप्टेनचा २१६. शिवाय बर्गाप्टेन स्फटिकरूप घन पदार्थ आहे. तो वाफेवर स्वार होत नाही, भांड्यातच मागे राहतो. म्हणून एकाच लिंबाचे दाबून काढलेले तेल उन्हात त्रास देते आणि ऊर्ध्वपातित तेल देत नाही. बर्गमॉटच्या तेलातून बर्गाप्टेन मुद्दाम काढून टाकूनही ते विकले जाते. मात्र याची किंमत वासात मोजावी लागते. ऊर्ध्वपातित लिंबाच्या तेलाला ताज्या सालीचा नव्हे, तर कोलासारखा, लिमलेटच्या गोळीसारखा वास येतो.

काही फळांच्या बाबतीत पद्धतीने फारसा फरक पडत नाही, कारण सालीत मुळातच फ्युरोकुमारिने फार थोडी असतात. आणि इथे टिपणाची खरी गडबड सुरू होते.

या टिपणाचा मूळ मजकूर इंग्रजीतून आलेला आहे, हे वाचताना जाणवते. इंग्रजीत लेमन आणि लाइम ही दोन वेगळी फळे आहेत. टिपणात दोन्हींचे झाले ‘लिंबू’. आपल्या बाजारात ज्याला आपण लिंबू म्हणतो ते कागदी लिंबू, म्हणजे लाइम. सुगंधी द्रव्यांच्या उद्योगाने अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांसाठी घालून दिलेल्या जुन्या, सर्वपरिचित मर्यादा पाहा: दाबून काढलेले लेमनचे तेल २ टक्के, लाइमचे मात्र ०.७ टक्के, बर्गमॉटचे तर अवघे ०.४ टक्के. लेमनसाठी लिहिलेली कृती आपल्या कागदी लिंबाला लावली तर मर्यादा जवळजवळ तिपटीने ओलांडली जाते.

‘स्वीट ऑरेंज’चे टिपणात ‘गोड संत्रे’ झाले आहे. वनस्पतिशास्त्राप्रमाणे ते आपले मोसंबे. तेच मोसंबे भारतीय इंग्रजीत ‘स्वीट लाइम’ म्हणून ओळखले जाते, म्हणजे घोटाळ्यावर घोटाळा! नागपूरचे संत्रे हे मँडरिनच्या कुळातले. सुदैवाने मोसंबे आणि मँडरिन या दोघांच्याही सालीचे तेल, दाबून काढलेले असले तरी, उन्हात त्रास देणारे मानले जात नाही. त्यामुळे हे भाषांतर चुकूनही निभावले. लिंबाच्या बाबतीत तसे नशीब नाही.

सर्वांत मोठी चूक दुसऱ्या कृतीत आहे. घरी ऊर्ध्वपातन करता येत नाही, हे मान्य करून टिपण म्हणते की लिंबाच्या साली खोबरेल तेलात घालून बरणी आठ दिवस उन्हात ठेवावी आणि ते तेल गाळून वापरावे. ऊर्ध्वपातित तेलाला मिळालेले ‘सुरक्षित’ हे प्रशस्तिपत्र इथे अलगद सालीच्या अर्काला चिकटवून दिले आहे. फ्युरोकुमारिने तेलात विरघळतात, आणि खोबरेलात मुरवताना त्यांना मागे ठेवणारी वाफ नसते. शिवाय आठ दिवसांनी त्या बरणीत ती किती उतरली, हे घरी मोजण्याची सोय नाही. हे तेल हातांना लावून दुपारी मैदानावर जाणाऱ्या मुलाला कोण सांगणार?

थेंबांचा हिशेबही असाच ढिला आहे. ३० मिलिलिटर तेलात १५ थेंब, असे प्रमाण दिले आहे. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर हे पाऊण मिलिलिटर, म्हणजे अडीच टक्के झाले. मोसंब्याच्या तेलाला उन्हाच्या दृष्टीने हे चालेल. लाइमच्या किंवा लेमनच्या दाबून काढलेल्या तेलाला नाही. ड्रॉपर बदलला की थेंब बदलतो, हा धडा तर आपण प्रयोगशाळेत रोज देतो.

‘उन्हात सुरक्षित’ याचा अर्थ उन्हापासून रक्षण करणारे, असाही मुलांनी घेतला, आणि त्यात त्यांचा दोष नाही. असे कोणतेही रक्षण या तेलांत नाही. ऊन सोडून इतर त्रास होणारच नाही, असेही नाही. लिमोनीनचा हवेशी संयोग होऊन तयार होणारी द्रव्ये त्वचेची अ‍ॅलर्जी जागवतात, म्हणून अर्धी भरलेली जुनी बाटली टाकून देणेच योग्य. टिपणात बाटलीवर तारीख घालायला सांगितलेले नाही.

आपल्या दिवाळीच्या उटण्यातली संत्र्याच्या सालीची पूड मात्र या टीकेत ओढू नये. एक तर ते संत्रे, दुसरे म्हणजे उटणे धुऊन टाकले जाते, आणि नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान तर सूर्योदयापूर्वीच उरकलेले असते.

या टिपणातून वर्गासाठी एक चांगला प्रयोग मात्र निघतो, आणि त्यात त्वचेचा संबंध येत नाही. गाळणकागदावर दाबून काढलेल्या आणि ऊर्ध्वपातित तेलाचा एकेक थेंब टाकून एक दिवस ठेवा. पहिल्याचा डाग उरतो, दुसऱ्याचा जवळजवळ उडून जातो. मागे काय राहिले, यावर मुलांना बोलू द्यावे. मोसंब्याच्या दाबून काढलेल्या तेलाचाही डाग उरेल, कारण त्यात मेण असते. तेव्हा डाग म्हणजे धोका असे कोणी म्हणाले तर त्याला तिथेच थांबवावे. ही तेले ज्वालाग्राही आहेत, पेटता दिवा दूर ठेवावा.

आमच्या शाळेच्या प्रतीत आम्ही दुसरी कृती खोडली. पहिलीत ‘लिंबू’ आणि ‘गोड संत्रे’ दोन्ही खोडून ‘मोसंबे’ लिहिले, खाली फळाचे शास्त्रीय नाव आणि तेल कसे काढले यासाठी दोन रिकाम्या ओळी आखल्या. दुकानातून आणलेल्या तीन बाटल्यांपैकी दोन बाटल्यांवर त्या ओळी भरण्याइतकीही माहिती नव्हती. त्या दोन बाटल्या मुलांनी अत्तराऐवजी वर्गाची फरशी पुसायच्या पाण्यात घातल्या.