पडद्यावरची नुरा

लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत कुस्त्यांचा फड रेवड्यांवरच्या पोरांपासून सुरू होतो आणि ऊन कलल्यावर मोठ्या जोडीपर्यंत येतो. हलगी कडाडत असते, लाल माती उडत असते. नांदेडकडच्या माळेगावला, खंडोबाच्या यात्रेतही तेच. या फडाभोवती उकिडव्या बसलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही: कुस्ती खरी की नुरा. पाठ मातीला लागण्याआधीच पैलवान सैल पडला, की शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही ते कळतं आणि तो मोकळ्या तोंडाने शिवी घालतो.

हाच म्हातारा नातवाबरोबर थिएटरात बसतो. नायकाच्या एका गुद्द्यात चार जण हवेत उडतात आणि तो शिट्टी मारतो. तो फसलेला नसतो. सिनेमातली मारामारी म्हणजे सगळी नुराच, ठरवून घेतलेली, हे त्याला ठाऊक असतं. माझी तक्रारही ती नुरा असण्याबद्दल नाही. ती नीट खेळली जात नाही, ही तक्रार आहे.

'लय भारी' (२०१४) मला आवडला होता, हे आधीच कबूल करतो. बाभळगावच्या देशमुखांचा रितेश मराठीत नायक म्हणून उभा राहिला, तेव्हा लातुरात घरचं लग्न असल्यासारखा उत्साह होता. त्यातली माणसं कापसाच्या गाठोड्यासारखी उडतात, पण सिनेमाच नवसाच्या पोराचा आहे. तिथे वजन विचारायचं नसतं, जसं गोंधळात विचारत नाहीत. गंमत अशी, की त्याचेच दिग्दर्शक निशिकांत कामत यांनी दोनच वर्षांनी 'रॉकी हँडसम' केला. मूळ कोरियन सिनेमावरून घेतलेला. त्यातल्या शेवटच्या चाकूच्या झटापटीत अंतर जवळचं आहे, वार लागला की शरीर दचकतं. एकाच दिग्दर्शकाच्या हाती शरीराचे दोन कायदे! म्हणजे जमत नाही असं नाही. कुठे काय हवं, ते ठरवावं लागतं. आजच्या बहुतेक सिनेमांत ते ठरवलेलंच नसतं. नायकाला लागतं तेव्हा वास्तव, नायक मारतो तेव्हा जादू.

कुस्तीपुरतं बोलायचं तर 'दंगल' (२०१६) पहिल्या नंबरावर. कुस्ती प्रशिक्षक कृपाशंकर बिश्नोई यांनी त्यातल्या मुलींकडून महिनोन्‌महिने मेहनत करून घेतली आणि ती मानेत, खांद्यात, पायाच्या ठेवणीत दिसते. पट काढताना डोकं कुठे जातं, हे बरोबर आहे. खोटी आहे ती गोष्ट. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत गीता फोगाटने ५५ किलोचं सुवर्ण पहिल्या दोन फेऱ्यांतच जिंकलं होतं. पडद्यावर मात्र शेवटच्या क्षणी पाच गुणांचा डाव आणि वडील खोलीत कोंडलेले. डाव खरा, चुरस नुरा. शरीराला एवढं शिकवल्यावर त्याच्यावर तेवढा भरवसाही ठेवायला हवा होता.

खरी चुरस वेगळी दिसते. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवारांचे पठ्ठे. पवार लातूर जिल्ह्याचेच, आणि त्यांचे वस्ताद हरिश्चंद्र बिराजदार निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे, १९६९ चे महाराष्ट्र केसरी. एकाच तालमीतले दोघे, एकमेकांचे डाव पाठ असलेले. निकाल ३-२. ना कुणी हवेत उडालं, ना कुणी डरकाळी फोडली. बराच वेळ नुसती रेटारेटी. फाइट मास्टरला ती दाखवली असती तर म्हणाला असता, यात आहेच काय!

यात खडाखडी आहे. हात हातात गुंतवून, मान दाबून, समोरच्याचा दम आणि भीती चाचपण्याचा तो वेळ. भल्या कुस्तीत अर्धी लढत तिथेच होते. आपला सिनेमा नेमका तोच भाग कापून टाकतो, कारण त्यात 'काही घडत नाही'. कोरियाच्या 'ओल्डबॉय'मधल्या (२००३) बोळातल्या मारामारीचं जगभर कौतुक झालं ते याच कारणाने. एका बाजूने सरकणारा कॅमेरा, न तोडलेला शॉट, आणि मारणारे-मार खाणारे दोघेही धापा टाकत थांबतात, बिचकतात, पुन्हा भिडतात. ती खडाखडीच. इंडोनेशियाचा 'द रेड' (२०११) वेगात त्याच्या कैक पट पुढे, पण तिथेही पडणारा माणूस वजनासकट पडतो. आपल्याकडे 'किल'ने (२०२४) हे साधलं. त्याचे फाइट मास्टर ओ से-योंग आणि परवेझ शेख यांनी रेल्वेच्या डब्यातली अडचणच हत्यार केली. हात पूर्ण फिरवायला जागा नाही, मग कोपर, गुडघा, समोर येईल ती वस्तू. रक्ताचा मारा मला जास्त वाटला, पण जागेचा हिशेब चोख.

ऐतिहासिक मराठी सिनेमांची गत मात्र वाईट. नांदेडला होला महल्ल्याच्या दिवसांत गतका बघावा. तो खेळ आहे, प्रदर्शन आहे, ठरवलेलं आहे. तरी तलवार फिरते तेव्हा तिच्या ओझ्यामागे खांदा आणि कंबर फिरते. दांडपट्ट्यात तर मनगट खोबळ्यात अडकलेलं असतं, त्यामुळे सगळं अंग फिरवल्याशिवाय गत्यंतर नाही. पडद्यावरचे मावळे तलवार छडीसारखी वळवतात, मग स्लो मोशन येतो, मग संगणकाचं रक्त. 'पावनखिंड'मध्ये (२०२२) निदान थकवा दाखवायची इच्छा दिसते. बाकीच्यांत पोवाड्याचा आवाज वाढवून वजनाची उणीव झाकतात.

आणि 'सैराट'? त्यात मार्शल आर्टचा संबंध नाही, तरी तो इथे येतोच. शेवटचे वार नागराज मंजुळे यांनी दाखवले नाहीत, आवाजसुद्धा काढून घेतला. उरली ती लहान मुलाची रक्तात भिजलेली पावलं. हाणामारीनंतर माणसाचं काय होतं, हे एवढ्या नेमकेपणाने सांगणारा दुसरा मराठी प्रसंग मला आठवत नाही.

मातीतल्या पैलवानाचे कान मोडलेले असतात. वर्षानुवर्षं डोक्याला डोकं घासून कान सुजतो, घट्ट होतो, फुलकोबीसारखा दिसतो. लातूरच्या बसस्टँडवर अनोळखी पैलवान लोक कानावरून ओळखतात. यापुढे कुस्तीवरचा मराठी सिनेमा आला की मी नायकाचे दंड बघणार नाही. आधी कान बघेन.